सॅनिटायझर लावूनही सगळं घर आजारी का पडलं?

प्रश्न थोडक्यात असा: घरात एका मुलाला रात्री उलट्या सुरू झाल्या, सकाळी जुलाब. घरच्यांनी लगेच सॅनिटायझर काढला, फरशी दोनदा फिनाईलने पुसली, मुलाचं ताट-पेला वेगळा केला. तरी तिसऱ्या दिवसापर्यंत चौघंही आडवे झाले. चुकलं कुठे? आणि उद्या गोवर, फ्लू किंवा डेंग्यू घरात शिरला तर हीच काळजी पुरेल का?

दुसऱ्या भागाचं उत्तर आधी: नाही पुरणार. प्रत्येक जंतूची माणसाच्या शरीरातून बाहेर पडायची जागा ठरलेली असते, पुढच्या माणसाकडे जायची वाट ठरलेली असते आणि आत शिरायचं दारही ठरलेलं असतं. क्षयाचा जंतू फुप्फुसातून हवेत येतो आणि श्वासावाटे आत जातो. रुग्णाच्या ताटात जेवल्याने क्षय होत नाही. टायफॉइडचा जंतू विष्ठेतून बाहेर पडतो आणि पाण्या-अन्नातून तोंडावाटे आत जातो. तिथे मास्कचा काही उपयोग नाही. डेंग्यूच्या रुग्णाच्या उशाशी रात्रभर बसलात तरी त्याच्यापासून थेट तुम्हाला काही होणार नाही, पण त्याला चावलेला डास आठ-बारा दिवसांनी तुम्हाला आजारी पाडू शकतो. म्हणून घरात आजार आला की पहिला प्रश्न ‘काय काय करू?’ हा नाही. हा आजार कुठल्या वाटेने जातो, हे आधी विचारायचं. मेहनत तुम्हीही कमी घेतली नाहीत. ती त्या वाटेवर पडली नाही.

तपासणीशिवाय खात्रीने सांगता येत नाही, पण अचानक उलट्या आणि दोन-तीन दिवसांत घरभर पसरणं, हे नोरोव्हायरसचं अगदी ठरलेलं वागणं आहे. शरीरात शिरल्यापासून १२ ते ४८ तासांत लक्षणं दिसतात. आजार व्हायला विषाणूचे अगदी थोडे कण पुरतात, शंभराहूनही कमी, असा अंदाज आहे. उलटीच्या एका थेंबात ते असंख्य असतात.

आता सॅनिटायझरचं. फ्लू किंवा कोरोनाच्या विषाणूभोवती चरबीचं पातळ आवरण असतं. अल्कोहोलने ते विरघळतं आणि विषाणू निकामी होतो. नोरोव्हायरसला हे आवरणच नाही. त्याचं कवच प्रथिनांचं आणि चिवट असतं. त्यामुळे किमान ६० टक्के अल्कोहोल असलेला सॅनिटायझर फ्लूसाठी चांगला असला, तरी नोरोसमोर तो लंगडा पडतो. साबणही नोरोला मारत नाही, पण चोळण्याने तो कातडीवरून सुटतो आणि वाहत्या पाण्याबरोबर निघून जातो. उलट्या-जुलाबांच्या घरात साबण-पाण्याला पर्याय नाही. सॅनिटायझर वापरायचाच तर हात धुतल्यावर जोडीला वापरा, धुण्याऐवजी नको.

हात धुण्यात बहुतेकांचं चुकतं ते तळव्यापलीकडे. तळवे सगळेच चोळतात. अंगठे, बोटांची टोकं, बोटांमधल्या बेचक्या आणि अंगठीखालची जागा कोरडीच राहते. आणि ताटाला, तोंडाला, बाळाच्या ओठांना लागतात ती नेमकी बोटांची टोकं. साबण लावून निदान २० सेकंद चोळा. एक अंगठा दुसऱ्या मुठीत धरून फिरवा, बोटांची टोकं विरुद्ध तळव्यावर घासा. ओलं करण्यापासून कोरडं करेपर्यंत सगळं मिळून ४० ते ६० सेकंद लागतात. आणि हात कोरडे करायचे ते स्वतःच्या टॉवेलने. ओल्या हाताला जंतू लवकर चिकटतात आणि ओला हात ते लवकर देऊनही टाकतो. बेसिनजवळ सगळ्यांचा मिळून एकच टॉवेल टांगलेला असेल, तर चौघांनी नीट हात धुवूनही शेवटी तो विषाणू चौघांत वाटून घेतला असं होतं. तुमच्या घरी असंच झालं असण्याची दाट शक्यता आहे.

दुसरी शक्यता पोछ्याची. उलटी झाली की घाईने पोछा फिरवला जातो, तोच पोछा बादलीत बुडवून पुढच्या खोलीत जातो. म्हणजे एका कोपऱ्यातला विषाणू आपण हाताने घरभर सारवतो. नीट करायचं ते असं. मुलांना आणि इतरांना त्या खोलीतून बाहेर पाठवा, खिडक्या उघडा, हातमोजे आणि मास्क घाला. उलटीचे बारीक तुषार हवेतही उडालेले असतात. वर कागदी टॉवेल किंवा टाकून द्यायची फडकी पसरा, द्रव शोषला जाऊ द्या, मग कडेकडून मधे असं गोळा करून पिशवीत घाला आणि पिशवीचं तोंड बांधा. आतून बाहेर पुसलं की डाग मोठा होतो. मग ती जागा साबणाच्या पाण्याने धुवा. हे झाल्यावरच ब्लीच. क्रम महत्त्वाचा आहे, कारण ब्लीचमधला क्लोरीन घाणीशीच झुंजून संपतो. उलटीवर थेट ओतलेलं ब्लीच विषाणूपर्यंत पोचतच नाही.

प्रमाणही अंदाजाने घेऊ नका. घरगुती ब्लीचच्या बाटलीवर सोडियम हायपोक्लोराइट किती टक्के आहे ते वाचा. १ टक्का म्हणजे १०,००० पीपीएम (दहा लाख भागांत तेवढे भाग), तेव्हा ५ टक्क्यांच्या ब्लीचमध्ये ५०,००० पीपीएम. उलटी किंवा जुलाब पडलेल्या जागेसाठी ५,००० पीपीएम लागतं: १०० मिलि ब्लीच आणि ९०० मिलि पाणी. दाराच्या कड्या, नळ, फ्लशचं बटण, दिव्यांची बटणं यांच्यासाठी १,००० पीपीएम पुरतं: २० मिलि ब्लीच आणि ९८० मिलि पाणी. ब्लीच ४ टक्क्यांचं असेल तर २० ऐवजी २५ मिलि. लावून जागा १० मिनिटं ओली राहिली पाहिजे, मग साध्या पाण्याने पुसा. ब्लीच फडक्यावर घेऊन लावा, विजेच्या बटणांवर तर कधीच ओतू नका. लावलं आणि लगेच पुसलं, ही सर्रास होणारी चूक. तेवढ्या वेळात काहीच मरत नाही. डाग दिसतो त्याच्या बाहेर निदान दोन मीटरपर्यंत पुसा. पाणी गार घ्या, गरम पाण्यात क्लोरीन लवकर उडून जातो. कालवलेलं द्रावण त्याच दिवशी वापरून संपवा. मूळ बाटलीही उन्हात किंवा उघडी ठेवली की महिन्यागणिक कमजोर होत जाते. आणि हे काळजीपूर्वक वाचा: ब्लीच आणि संडास साफ करायचं आम्ल कधीही एकत्र येऊ देऊ नका. त्यातून क्लोरीन वायू सुटतो आणि बंद न्हाणीघरात तो जीवघेणा ठरू शकतो. अमोनिया असलेल्या क्लीनरबरोबरही नको.

फिनाईलचा वास म्हणजे निर्जंतुकीकरण नव्हे. फरशी स्वच्छ दिसते, मन शांत होतं, पण आवरण नसलेल्या अशा विषाणूवर त्याचा भरवसा धरता येत नाही.

कपडे आणि चादरी झटकू नका, गुंडाळून थेट मशीनमध्ये टाका, ६० अंश किंवा त्याहून गरम पाण्यात धुवा आणि पूर्ण वाळू द्या. फ्लश करताना झाकण लावा. उलट्या-जुलाब थांबल्यावर पुढचे ४८ तास त्या माणसाने दुसऱ्यासाठी स्वयंपाक करू नये, मुलाला शाळेत पाठवू नये. बरं वाटायला लागल्यानंतरही विष्ठेतून विषाणू दोन आठवडे किंवा अधिक काळ पडत राहतो, तेव्हा साबणाचा नेम तेवढे दिवस तरी सोडू नका.

आता जरा कठीण गोष्ट. नोरोत निदान लक्षणांनंतर तरी हालचाल करायला वाव असतो. बऱ्याच आजारांत आपण जागे होतो तोवर जंतू पुढे गेलेला असतो. हेपटायटिस ए प्रकारच्या काविळीत डोळे पिवळे दिसण्याआधीचे साधारण दोन आठवडे विष्ठेतून विषाणू पडत असतो. पिवळेपणा आल्यावर आठवडाभरात तो बहुधा ओसरतो. म्हणजे घरचे ज्या दिवशी भांडी वेगळी करतात, त्या दिवशी संसर्गाचा मुख्य काळ मागे पडलेला असतो. गोवराचा रुग्ण पुरळ दिसण्याच्या चार दिवस आधीपासून चार दिवस नंतरपर्यंत संसर्ग देतो. कांजिण्यांत पुरळाच्या एक-दोन दिवस आधीपासून सगळ्या फोडांवर खपल्या धरेपर्यंत. फ्लू लक्षणांच्या एक दिवस आधीपासून साधारण पाच ते सात दिवस. म्हणून हात धुणं, खोलीत हवा खेळती ठेवणं, पाणी झाकणं या गोष्टी आजार आला की सुरू करायच्या आणि गेला की सोडायच्या नसतात. लक्षणांच्याही आधी काम करणारं एक साधन मात्र आहे, लस. तिचं मोल याच कारणाने इतकं आहे.

गोवराचंच पाहा. कोणालाच प्रतिकारशक्ती नसेल अशा समूहात गोवराचा एक रुग्ण सरासरी १२ ते १८ जणांना आजार देतो. रुग्ण खोलीतून निघून गेला तरी विषाणू तिथल्या हवेत दोन तासांपर्यंत टिकतो. आता १८ जणांना होऊ शकणारा आजार एकाहून कमी जणांत थांबवायचा, तर १८ पैकी १७ जण सुरक्षित हवेत, म्हणजे सुमारे ९४ टक्के. ९५ टक्के मुलांना दोन डोस मिळाले पाहिजेत हा आग्रह या साध्या हिशोबातून आलेला आहे. ८५ टक्के ऐकायला भरघोस वाटतं, पण गोवराच्या बाबतीत ते अपुरं आहे. लस न घेतलेल्या मुलाचा गोवराच्या रुग्णाशी संपर्क आला, तर ७२ तासांच्या आत दिलेली लस आजार टाळू शकते किंवा सौम्य करू शकते. तान्ही बाळं, गरोदर स्त्रिया आणि प्रतिकारशक्ती खालावलेली माणसं यांच्यासाठी सहा दिवसांच्या आत इम्युनोग्लोब्युलिनचा, म्हणजे तयार प्रतिपिंडांच्या इंजेक्शनचा, पर्याय असतो. त्यामुळे ‘पुरळ येतंय का बघू’ म्हणून थांबू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा.

हवेतून पसरणाऱ्या आजारांत फरशी पुसण्यावर वेळ घालवणं म्हणजे चुकीच्या दारावर पहारा देणं. खोकला-शिंकेचे मोठे थेंब एक-दोन मीटरमध्ये खाली पडतात. बारीक कण धुरासारखे खोलीभर तरंगत राहतात. बंद खोलीत कोणी उदबत्ती लावली तर वास कुठवर जातो, तेवढं डोळ्यांपुढे आणा. हवेचा हिशोबही मांडता येतो. खोलीतली हवा तासाला दोनदा बदलत असेल तर तरंगते कण ९९ टक्के कमी व्हायला सुमारे १३८ मिनिटं लागतात. सहा वेळा बदलली तर ४६ मिनिटं, बारा वेळा तर २३. म्हणून रुग्णाच्या खोलीत एकच खिडकी किलकिली करून भागत नाही. समोरासमोरची दोन दारं-खिडक्या उघडा. ते शक्य नसेल तर खिडकीत पंखा बाहेरच्या बाजूला तोंड करून ठेवा, म्हणजे रुग्णाच्या खोलीतली हवा घरात न येता बाहेर ओढली जाईल. घरातला नेहमीचा स्प्लिट एसी तीच हवा फिरवतो, नवी आणत नाही. एसी चालू आणि खिडक्या बंद अशी खोली गार असते, पण संसर्गाच्या दृष्टीने सर्वांत वाईट.

मास्क रुग्णाने घातला तर मुळाशीच अटकाव होतो, मग तो साधा सर्जिकल असला तरी. सेवा करणाऱ्याने एन९५ घालावा. त्याची जाळी अगदी बारीक कणांपैकीही किमान ९५ टक्के अडवते, पण कडेने फट राहिली तर हवा तिथूनच शिरते. वरचा पट्टा डोक्याच्या माथ्याकडे, खालचा मानेवर, नाकावरची पट्टी दोन्ही हातांच्या बोटांनी दाबून बसवायची. मग जोरात श्वास सोडून बघा; डोळ्यांकडे वारा लागला तर मास्क बसलेला नाही. दाढीवर तो नीट बसत नाही. ओला झाला की बदला.

क्षयाच्या बाबतीत एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. रुग्णाचं ताट वेगळं, अंथरूण कोपऱ्यात, बोलणं बंद, यातलं काहीही त्या आजाराच्या वाटेवर नाही, आणि रुग्णाला मात्र ते खोल दुखावतं. क्षय सर्वाधिक पसरतो तो निदानाआधी, जेव्हा कोणी कसलीच काळजी घेत नसतं. नेमकं औषध सुरू झालं की संसर्ग देण्याची क्षमता झपाट्याने घटते. तेव्हा दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर थुंकीची तपासणी करा, औषधाचा एकही डोस चुकवू देऊ नका, खोलीत हवा-उजेड ठेवा आणि घरातल्या सगळ्यांची, विशेषतः पाच वर्षांखालच्या मुलांची तपासणी करून घ्या. त्यांना प्रतिबंधक औषध देता येतं.

वाट ओळखण्याची ताकद किती असते, हे १८५४ साली लंडनमध्ये दिसलं. कॉलरा दूषित हवेने होतो असं तेव्हाचे बहुतेक डॉक्टर मानत. जॉन स्नो या डॉक्टरने मृत्यू कुठे कुठे झाले याची नोंद केली आणि ब्रॉड स्ट्रीटवरच्या एका पंपापाशी बोट ठेवलं. ८ सप्टेंबरला त्या पंपाचा दांडा काढला गेला. साथ तोवर उतरणीला लागली होती हे खरं, पण जंतू कोण हे ठाऊक नसतानाही वाट अचूक सापडली होती. पाण्याची ती वाट आजही बंद झालेली नाही. पाणी खळखळून एक मिनिट उकळलं की पुरतं. समुद्रसपाटीपासून २,००० मीटरहून उंच ठिकाणी तीन मिनिटं. क्लोरीन वापरत असाल तर गढूळ पाणी आधी गाळा, मात्रा घातल्यावर ३० मिनिटं थांबा. तेवढ्या वेळानंतरही लिटरमागे निदान ०.५ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक राहिला पाहिजे. क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा परजीवी मात्र क्लोरीनला दाद देत नाही, उकळल्याने मरतो. घरोघरी पाणी बिघडतं ते बहुधा उकळल्यानंतर: रुंद तोंडाच्या भांड्यात हातासकट पेला बुडवला की सगळं केलेलं वाया. तोटी असलेलं, झाकणाचं भांडं घ्या.

डासांबद्दल एकच, पण नेमकं. डेंग्यूचा एडिस डास दिवसा चावतो आणि घरातल्या साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. अंड्यापासून डास व्हायला साधारण ७ ते १० दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एकदा पाणी ओतून टाकायला सांगतात. पण अंडी पाण्यात नसून पाण्याच्या रेषेच्या जरा वर, भांड्याच्या भिंतीला चिकटलेली असतात, आणि कोरडी राहूनही महिनोन्‌महिने तगतात. नुसतं पाणी ओतून पुन्हा भरलं की तीच अंडी फुटतात. भांडं आतून घासा. फ्रिजमागचा ट्रे, कुंडीखालची बशी, कूलर, टाकीचं सैल झाकण ही विसरली जाणारी ठिकाणं. धूरफवारणीने उडणारे डास मरतात, अंडी-अळ्या तशाच राहतात. आणि तापाचे पहिले पाच दिवस रुग्णालाच दिवसाही मच्छरदाणीत ठेवा. त्याला डास चावला नाही तर पुढची साखळीच तयार होत नाही.

खरूज घरातून जात नाही अशी तक्रार असते, त्याचं कारण ठरलेलं आहे: खाजवतो त्यालाच औषध लावलं जातं. पहिल्यांदा लागण झालेल्या माणसाला खाज सुटायला चार ते सहा आठवडे लागू शकतात, तोवर तो नकळत इतरांना देत असतो. घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री, डॉक्टरांनी सांगितलेलं मलम मानेपासून तळपायापर्यंत, नखांखाली आणि बोटांच्या बेचक्यांतही लावायचं, आणि सांगितल्याप्रमाणे पुन्हा एकदा. कपडे-चादरी त्याच दिवशी गरम पाण्यात. धुता न येणारं सामान आठवडाभर पिशवीत बांधून ठेवा. माणसाच्या अंगाबाहेर हा किडा दोन-तीन दिवसच जगतो.

रेझर आणि टूथब्रश एकमेकांचे वापरू नका. हेपटायटिस बीचा विषाणू वाळलेल्या रक्तात सात दिवसांपर्यंत टिकतो. आणि व्हायरल आजारात उरलेली अँटिबायोटिक गोळी घेऊ नका. तिचा विषाणूवर काहीच परिणाम होत नाही.

तुमच्या घरात अजून कोणाला जुलाब होत असतील तर साफसफाईपेक्षा आधी ओआरएस. पाकीट ज्या मापाचं आहे तेवढ्याच पाण्यात संपूर्ण घाला; लिटरचं पाकीट पेल्यात अर्धं-अर्धं घातलं की द्रावण दाट होतं आणि लहान मुलाला ते घातक ठरू शकतं. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. दोन वर्षांखालच्या मुलाला प्रत्येक पातळ शौचानंतर ५० ते १०० मिलि, त्याहून मोठ्याला १०० ते २०० मिलि. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबा, मग दर दोन-तीन मिनिटांनी एक चमचा. पेला तोंडाला लावू देऊ नका, घटाघट प्यायलं की पुन्हा उलटते. अंगावरचं दूध बंद करू नका. चोवीस तासांनी उरलेलं द्रावण ओतून नवं करा. सहा-आठ तास लघवी झाली नाही, डोळे खोल गेले, मूल मलूल पडलं, शौचात रक्त दिसलं किंवा काहीच पोटात राहीना, तर घरी न थांबता दवाखान्यात न्या, आणि वाटेतही चमच्याने पाजत राहा.